गाडीला अर्थ मिळेना

बोलायचं नाही, असं मी एका सोमवारी सकाळी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करता करता ठरवलं.

तसं व्रत घेण्याच्या बाबतीत माझा हात सढळ आहे. मुलीच्या परीक्षेसाठी मी वर्षभर साखर सोडली होती (ती पास झाली आणि माझे सगळे ब्लाउज सैल झाले, म्हणजे देवाने दोन्हीकडून दिलं). यांच्या बढतीसाठी मी जमिनीवर झोपले होते. बढती यांच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मिळाली, पण माझी कंबरदुखी कायमची गेली. देवाच्या घरी पत्त्यात थोडा घोळ होतो एवढंच. पोचायचं ते कुठे ना कुठे पोचतंच, असा माझा अनुभव आहे.

या वेळचं कारण म्हणजे ताई. ताई या यांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आणि निवृत्त झाल्यावर शाळा सुटली तरी बाकीचं जग हाताशी होतंच. गेल्या वर्षी एका बारशाहून येताना त्या आमच्या गाडीत यांच्या शेजारी बसल्या आणि घर येईपर्यंत "ब्रेक", "आरसा", "तो सायकलवाला", "हात कुठे आहे तुझा" असं चालू ठेवलं. शेवटी यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, किल्ली काढून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "तूच चालव." ताईंनी किल्ली परत यांच्या मांडीवर ठेवली, पिशवी उचलली आणि त्या बसथांब्याकडे चालत गेल्या. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

मधे मी होते. ताईंचा फोन मला येई. "त्याला म्हणावं, तू गाडी चालवतोस की लाटणं?" असं त्या म्हणाल्या की मी यांना सांगे, "ताई विचारत होत्या, तुमची तब्येत कशी आहे." हे म्हणत, "तिला सांग, माझ्या गाडीत बसायचं तर तोंडाला कुलूप लावून बसायचं." मी ताईंना सांगे, "हे म्हणतायत, ताईंनी आराम करावा." अशा रीतीने वर्षभर दोघांनी एकमेकांची फार प्रेमाने चौकशी केली, आणि दोघंही एक पाऊल पुढे आले नाहीत.

मग ताईंच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. त्या कपाच्या शेजारी चहा ओतू लागल्या. ऑपरेशनची एक तारीख त्यांनी आधीच मोडली होती. डॉक्टर म्हणाले, आता आणखी लांबवलं तर अवघड होऊन बसेल. शुक्रवारची तारीख मिळाली. पण ताईंचं म्हणणं, "त्याने स्वतः विचारलं तर त्याच्याबरोबर जाईन. नाहीतर जाणार नाही. एका डोळ्याने दिसायचं तेवढं दिसतंय." यांचं म्हणणं, "तिने स्वतः फोन केला तर नेईन. मी काय टॅक्सीवाला आहे?"

म्हणून मी देवापुढे शब्द दिला: ही दोन भावंडं एकमेकांशी सरळ बोलेपर्यंत मी कुणाशी एक अक्षर बोलणार नाही. आणि भक्तीच्या भरात पुढे म्हणून गेले, लिहूनही नाही, कारण लिहिणं म्हणजे हाताने बोलणंच की. (हे मला दुपारपर्यंत फार महागात पडलं.) खुणांचा विषय देवापुढे निघालाच नाही, तेव्हा खुणा चालतील असं मी धरून चालले.

यांना मी आधी कल्पना दिली होती. "आजपासून माझं मौन आहे हं." वर्तमानपत्राच्या मागून "बरं" असं आलं. त्यात इतका आनंद होता की मला जरा लागलंच.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही एसी आणि पुढचे दिवे लावून बाजाराला निघालो. चौकात हळूच वळलो तशी गाडीच्या समोरच्या पट्टीवर एक पिवळा दिवा लागला. स्टिअरिंगचं चित्र आणि शेजारी उद्गारचिन्ह. मी बोट दाखवलं. आता त्या दिव्याच्या बरोबर वर मीच देवाची छोटी तसबीर चिकटवलेली आहे. यांनी एक हात छातीशी नेऊन नमस्कार केला.

मी पुन्हा बोट दाखवलं.

"केला की नमस्कार."

मी बोट दिव्यावर टेकवलं.

"अगं, मी गाडी चालवू की पूजा करू?"

तेवढ्यात शिंप्याच्या दुकानापाशी डावीकडे वळायचं होतं. यांनी चाक फिरवलं. चाक फिरलं नाही. यांनी दोन्ही हातांनी, मग खांद्यांनी, मग मला वाटतं दातांनीसुद्धा जोर लावला. गाडी सरळ गेली, फुटपाथवर चढली आणि दुकानाबाहेरच्या दोन कुंड्या आडव्या करून थांबली. गळ्यात टेप अडकवलेला शिंपी बाहेर आला. त्याने आधी कुंड्यांकडे पाहिलं, मग यांच्याकडे.

"मापं द्यायची आहेत का?" त्याने विचारलं.

यांनी कुंड्या उभ्या करून दिल्या. दारात गाडी थांबवल्यावर मला म्हणाले, "तुझ्या त्या बोटामुळे झालं." मी तसबिरीकडे पाहिलं. देवाने माझ्याकडे पाहिलं. दोघंही गप्प बसलो.

आमच्या भागातल्या गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणतात. गाडी आली की तो आधी बॉनेटला कान लावतो, मग "हं" म्हणतो, म्हणून. त्याने आमच्या गाडीला कान लावला, हं म्हटलं, आणि गाडी घेऊन दोन गल्ल्या फिरून आला. एका बोटाने चाक फिरवत.

"काका, गाडी ठणठणीत आहे. तुमचे खांदे एकदा दाखवून घ्या कुणाला तरी."

यांचा चेहरा पडला. आणि मला तर सगळं ठाऊक होतं. मी शेजारी बसून बघितलं होतं, की एसी जोरात असला, पुढचे दिवे लागलेले असले आणि अगदी हळू वळताना चाक फिरवलं, की मगच तो पिवळा दिवा लागतो. डॉक्टरने गाडी एसी बंद ठेवून हाणत नेली होती. मी पुढे झाले आणि अंगावर वारं घेतल्यासारखं केलं.

"काकूंना उकडतंय वाटतं," डॉक्टर म्हणाला आणि त्याने टेबलफॅन माझ्याकडे वळवला.

मी मान हलवली. दोन्ही मुठी गाडीच्या दिव्यांसारख्या पुढे धरून उघडल्या, मिटल्या, उघडल्या.

"टाटा करतायत. निघायची घाई दिसतेय."

"तिचं मौन आहे," हे म्हणाले.

"अरे वा. आमच्याकडे पण सांगा ना हे कुणीतरी घरी," डॉक्टर म्हणाला. मग त्याने सांगितलं, की गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं मशीन तो मागवतो, ते आलं की फोन करतो, तेव्हा गाडी घेऊन या.

बुधवारी ताईंचा फोन आला. सवयीने मी उचलला.

"हॅलो. अगं, शुक्रवारचं काय ठरलं? तो काही म्हणाला का? हॅलो? ... मला श्वास ऐकू येतोय तुझा."

मी श्वास रोखला. (कशासाठी, ते देव जाणे.)

"असं होय," ताई थोड्या वेळाने म्हणाल्या. "तुलासुद्धा माझ्याशी बोलायची बंदी केली त्याने. बरं. सांग त्याला, शुक्रवारी सकाळी फोन करून मी ते ऑपरेशन रद्द करून टाकते. कुणावर ओझं नको."

फोन ठेवला गेला. वर्षभरातला हा एकच निरोप जसाच्या तसा पोचवायला हवा होता, आणि नेमकं माझं तोंड बंद. देवघरासमोर जाऊन बसले. व्रत मोडलं तर ताईंचा डोळा जातो, नाही मोडलं तरी जातोच जातो, असा पेच. मी हात जोडून म्हटलं (मनातल्या मनात), बाबा रे, पत्त्यात घोळ करायचाच असेल तर या वेळी जरा चांगल्या बाजूने कर.

गुरुवारी संध्याकाळी पुन्हा फोन. यांनी उचलला आणि स्पीकरवर टाकला, कारण यांना फोन कानाला लावला की ऐकू येत नाही.

"नमस्कार, डॉक्टरांकडून बोलतेय. उद्याच्या ऑपरेशनचं नक्की ना?"

हॉस्पिटलमधली मुलगी होती. हा नंबर मीच दिला होता. पण हे माझ्याकडे बघून हसले आणि फोनवर हात ठेवून म्हणाले, "डॉक्टरांनी फोनवर बाई ठेवली बघ. ऑपरेशन म्हणे." मग फोनमध्ये, "नक्की म्हणजे काय. मी वाटच बघतोय."

"कुठली बाजू आहे?"

"डावी. डावीकडे फार त्रास."

(ताईंचा खरंच डावा डोळा होता. देवसुद्धा कधी कधी नको तिथे मदत करतो.)

"दिव्यांचा त्रास होतो का?"

"दिवा लागला की संपलंच. एकदम जड होतं."

"आणि डोकं जड होतं का?"

"डोकं माझं होतं ना."

मी एक डोळा हाताने झाकून दुसऱ्याने यांच्याकडे बघितलं. "काही गेलं का डोळ्यात? पाणी मार," हे म्हणाले.

"वय बाहत्तर बरोबर आहे का?"

"अहो, बारा. बाहत्तर असती तर रस्त्यावर चालली असती का?"

"चालत नकाच आणू. गाडीतूनच आणा. सकाळपासून पोटात काही नको. पाणी मात्र चालेल."

"पाणी मी रोज सकाळी स्वतः उघडून बघतो."

"बरं. बरोबर तुम्हीच थांबणार ना? तुमचं नातं काय?"

"नातं कसलं? मालक आहे मी."

"पेशंटचे मालक," ती लिहून घेत म्हणाली. "काळजी करू नका, दुपारी घरी पाठवतो. नंतर आठवडाभर वाकायचं नाही फक्त."

"वळलं म्हणजे झालं."

"वळायला हरकत नाही. सावकाश."

फोन ठेवून हे खुशीत आले. मी शेवटचा उपाय म्हणून ताई केल्या. म्हणजे पदर खांद्यावरून घट्ट घेतला, नाकावर चष्मा खाली ओढल्यासारखं केलं आणि एक बोट वर करून यांच्याकडे रोखून पाहिलं.

यांचं हसू मावळलं. ओळखलं होतं. "हो," हे हळूच म्हणाले, "अशीच करायची. मी पाढे चुकलो की अशीच." मग यांनी गाडी पुसायचं फडकं उचललं. "उद्या तिचं ऑपरेशन आहे ना. एक फोन केला असता तिने, तर मी काय नाही म्हणणार होतो?" आणि उठून गाडी पुसायला गेले. पुसलेलीच होती.

शुक्रवारी सकाळी, जेव्हा ताईंच्या दारात असायला हवं होतं तेव्हा, आम्ही गॅरेजच्या दारात होतो.

"मी फोन करणारच होतो," डॉक्टर म्हणाला. "मशीन आत्ताच आलं."

"तुमच्या बाईंनी केला ना काल."

"आमच्याकडे फोनवर कोण बाई? आई असते, पण ती गावाला गेलीय."

हा मुद्दा तिथेच राहिला, कारण त्याने मशीनची वायर गाडीला लावली होती आणि पडद्यावर काहीतरी उमटलं होतं. त्याने वाचलं, भुवया वर केल्या.

"काका, दोघांचं बोलणं बंद आहे."

हे एकदम ताठ झाले. "कुणाचं?"

"दोघांचं. आपापल्या जागी दोघं चांगले आहेत. एकेकट्याला विचारलं तर सरळ उत्तर देतात. एकमेकांशी बोलायची वेळ आली की गप्प."

हे माझ्याकडे वळले. "तू सांगितलंस याला?" मी ओठांवर बोट ठेवलं. "मग कसं कळलं?"

"मशीनवर आलंय ना," डॉक्टर म्हणाला.

"मशीनवर?" हे तिथल्या जुन्या टायरवर बसले. "इतक्या लांबपर्यंत गेलं?"

"कधीपासून बंद असेल?"

"गेल्या वर्षीपासून."

"आणि तसंच चालवलंत तुम्ही?"

"काय करणार? मी धाकटा. बोलायला सुरुवात तिने नको का करायला?"

डॉक्टरने एकदा गाडीकडे आणि एकदा यांच्याकडे पाहिलं. "स्टिअरिंगने?" त्याने विचारलं.

मग त्याने समजावून सांगितलं. आमच्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग विजेवर चालतं. त्याचा एक छोटा कॉम्प्युटर, गाडीचा एक मोठा. दोघं सारखे एकमेकांशी बोलत असतात, तेव्हा कुठे चाक हलकं फिरतं. आता स्टिअरिंगचा पूर्ण संचच बदलावा लागणार, आणि तो मागवला की आठवडा जाणार.

आठवडा. मी घड्याळाकडे पाहिलं आणि माझा धीर सुटला. गाडीत जाऊन बसले, चालकाच्या जागेवर. इंजिन चालूच होतं. एसी भसाभसा सोडला, पुढचे दिवे लावले आणि चाक डावीकडे फिरवलं. पिवळा दिवा लागला आणि चाक दगडासारखं झालं.

"म्हणजे काकू त्या दिवशी टाटा करत नव्हत्या," डॉक्टर म्हणाला.

त्याने मीटर आणला, काटे इकडे लाव तिकडे लाव केलं आणि मान हलवत उभा राहिला. "तरीच. संच बिंच काही नको. इथे अर्थच नाही."

"खरं आहे," हे टायरवरून म्हणाले.

"काय?"

"इतकी वर्षं झाली, केस पिकले. खरंच काही अर्थ नाही यात."

"काका, अर्थ म्हणजे विजेचा, अर्थिंग. ही काळी वायर बघा. बॅटरीपासून गाडीच्या पत्र्याला जाते. वीज गेली तर तिला परत यायला वाट नको का? ती वाट हीच. तिलाच अर्थ नीट मिळत नाहीये. एसी, दिवे, वळण, सगळं ओझं एकदम आलं की वीज कमी पडते. मग स्टिअरिंगचा कॉम्प्युटर झोपतो आणि मोठा त्याला नुसता हाका मारत बसतो."

त्याने इंजिन बंद केलं, बोल्ट सोडवला, वायरचं टोक उचललं आणि खाली वाकून बघितलं. "इथे हा हिरवा रंग कुणी लावला?"

आमच्या घराचं फाटक बरोबर त्याच हिरव्या रंगाचं आहे.

"थोडा गंज दिसला," हे म्हणाले. "रंग उरला होता. वायर काढली, छान दोन हात दिले, वाळू दिला, मग परत बसवली. काम कसं व्यवस्थित पाहिजे."

"फार व्यवस्थित," डॉक्टर म्हणाला. "रंगातून वीज जात नाही."

मी त्या हिरव्या रंगाकडे बघत राहिले. वर्षभर मीसुद्धा दोघांच्या निरोपांना असेच छान दोन हात देत होते.

तेवढ्यात यांच्या खिशातला फोन वाजला. यांनी न बघता स्पीकरवर टाकला.

"बाळ, माझं लग्न कधी झालं?"

हे टायरवरून उठून उभे राहिले. "ताई?"

"मी हॉस्पिटलला फोन केला, ऑपरेशन रद्द करायला. ती मुलगी म्हणते, रद्द कसं करता, तुमचे मालक घेऊन येतायत. कालच सगळं बोललेत. म्हणे तुम्हाला रस्त्यावर चालता येत नाही. म्हणे डोकं मालकांचं आहे. म्हणे रोज सकाळी ते तुमचं पाणी स्वतः उघडून बघतात. आणि नंबर तुझ्या घरचा. कोण हा मनुष्य?"

यांच्या तोंडावर एकेक गोष्ट उजाडताना मला दिसली. आधी फोनवरची बाई, मग डोळा, मग मी, माझा डोळ्यावरचा हात, माझा खोटा चष्मा.

"मी," हे म्हणाले.

मला वाटलं, झालं, आता ताई फोन ठेवणार. डॉक्टरने हातातला पाना खाली ठेवला.

"मग येतोयस का?" ताईंनी विचारलं. आवाज मुख्याध्यापिकेचा नव्हता. "इथे मी उपाशी बसलेय. रद्द करायचं म्हणत होते, पण सकाळपासून काही खाल्लं नाही."

"येतो," हे म्हणाले. "निघालोच ताई. दारात नको उभी राहूस, बस."

देवाने पत्ता चुकवून चुकवून शेवटी घर गाठलं होतं. मी डोळे मिटून हात जोडले आणि मग डोळे उघडून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तोंड उघडलं.

"घासा तो रंग लवकर," मी म्हणाले.

डॉक्टर इतका दचकला की बोल्ट गाडीखाली गेला, आणि तो शोधण्यात रंग घासण्यापेक्षा जास्त वेळ मोडला. पण पत्रा चकचकीत झाला, वायर बसली, आणि चाक असं फिरलं की यांनी उगीचच गॅरेजसमोर एक वळसा घेतला.

ताई पुढे बसल्या. मी मागे. हॉस्पिटलपर्यंत दोघं भांडत होते: बारशाच्या दिवशी आधी कोण ओरडलं, बसथांब्यावर ताई किती वेळ उभ्या होत्या, लहानपणी शाई कुणी सांडली. इतकं भरभरून भांडण मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. हॉस्पिटलच्या कागदावर "नातं: मालक" लिहिलेलं ताईंनी उजव्या डोळ्याने वाचलं, खोडायला लावलं आणि वर "भाऊ, धाकटा" असं स्वतः सांगून लिहून घेतलं. ऑपरेशन उत्तम झालं.

परत येताना डोळ्यावर पट्टी बांधलेल्या ताई म्हणाल्या, "पण बुधवारी फोनवर तू गप्प का होतीस, ते काही कळलं नाही."

मग मी सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं. कपड्यांच्या घड्यांपासून सुरुवात केली, देवाला काय म्हटलं, काय म्हणायला नको होतं, बोट कसं दाखवलं, तसबीर मुळात तिथे का लावली, शिंप्याच्या कुंड्यांत कुठली झाडं होती, टेबलफॅनचं वारं मानेला कसं लागलं. इतक्या दिवसांचं साठलेलं होतं. ताईंचं घर आलं, गाडी थांबली, तरी मी बुधवारपर्यंतच पोचले होते.

"बाळ," ताई पुढे बघत म्हणाल्या, "दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे ना?"

"हो."

"हिने मौन धरलं की काम होतं, असं दिसतंय."

"मलाही तेच वाटत होतं," हे म्हणाले. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मला भरूनच आलं.

"धरीन की," मी म्हणाले. "ताईंच्या डोळ्यासाठी नाही धरायचं तर कुणासाठी? पुढच्या महिन्यात, तारखेच्या आदल्या सोमवारपासून..."

"आतापासून धरलंस तरी चालेल," दोघं एकदम म्हणाले.